जठरातील जंतू आणि घराण्याचा वारसा

पोटात आग पडली की ओवा चावावा, थंड दुधाचा घोट घ्यावा आणि तिखटास किंवा चिंतेस बोल लावावा, ही मुंबईतील घरोघरची जुनी रीत होय. वैद्यकशास्त्राचे मतही पुष्कळ काळ याहून फारसे निराळे नव्हते. जठरातील तीव्र आम्लात जंतूचा निभाव लागत नाही, असेच मानले जाई.

कर्करोगाविषयी मात्र मुंबईत चिकित्सक दृष्टी लवकर रुजली. १९४१ साली परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले व त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. कोणत्या लोकांस, कोणत्या सवयींमुळे, कोणत्या अवयवाचा कर्करोग होतो, याचा शोध त्यांनी आरंभिला. तंबाखू व मुखाचा कर्करोग यांवरील त्यांचे काम प्रसिद्धच आहे. पुढे १९६३ साली शहरात कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड ही उपनगरे १९५७ पर्यंत बृहन्मुंबईत आलेली असल्यामुळे तेथील रहिवाशांचीही गणना तीत होऊ लागली. जपानच्या मानाने मुंबईत जठराचा कर्करोग कितीतरी कमी, हे या गणनेने दाखविले.

ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी १९८२ साली रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनी जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू प्रयोगशाळेत वाढविला. लोकांस विश्वास पटेना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतःच प्राशन केला व जठराचा दाह ओढवून घेतला! १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूस कर्करोगकारक ठरविले. २००५ साली उभय संशोधकांस नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु येथेच एक कोडे उभे राहिले. भारतात हा जंतू असंख्य लोकांच्या पोटी बाळपणापासूनच वसतो. मग सर्वांसच कर्करोग का होत नाही? जंतूच्या जाती, आहार व जनुके, अशी अनेक कारणे यामागे असावीत. त्यांतील जनुकांची बाजू जपानमध्ये उलगडू लागली. जंतूच्या दीर्घ सहवासाने जठराच्या पेशीत, एरवी केवळ रक्तातील संरक्षक पेशींत काम करणारे, एक विकर जागे होते व ते जनुकांची अक्षरेच बदलू लागते, असे क्योतो येथील संशोधकांनी २००७ साली दाखविले. अशा बिघाडांची दुरुस्ती करणारी जनुकेही शरीरात असतात. पण कित्येकांस तीच सदोष अवस्थेत वारशाने मिळतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात, जंतुसंसर्ग असलेल्यांपैकी असा वारसा असणाऱ्यांस वयाच्या ८५ व्या वर्षापर्यंत जठराचा कर्करोग होण्याचा संभव शेकडा ४५.५ आढळला, तो नसणाऱ्यांस शेकडा १४.४. यांतील काही जनुके स्तनाच्या कर्करोगाशीही संबंधित आहेत.

हे आकडे जपानचे; ते जसेच्या तसे मुंबईच्या घरांस लावणे योग्य नव्हे. तथापि बोध स्पष्ट आहे. रक्ताचा वारसा कोणासही टाकता येत नाही. जंतू मात्र औषधांनी घालविता येतो आणि त्यायोगे धोका घटतो. म्हणून ज्या घराण्यात जठराचा किंवा स्तनाचा कर्करोग वारंवार झाला असेल, तेथे पोटातील जुनी आग केवळ ओव्यावर सोपवू नये. ती वेळीच डॉक्टरांच्या कानी घालावी.