डाख देण्याच्या हत्याराची कथा



घरांतील नभोवाणी-यंत्राचें किंवा गणकयंत्राचें झांकण उघडून पाहिलें, तर आंत चांदीसारखे चकाकणारे शेंकडों बारीक ठिपके दिसतात. हे ठिपके डाखाचे. इंग्रजींत त्यालाच सोल्डर म्हणतात. त्यांतील एखादा सांधा कच्चा राहिला, तरी सारें यंत्र मुकें होऊं शकतें. सांधा पक्का होणें हें बहुतांशीं तो देणाऱ्या हत्याराच्या टोंकावर अवलंबून असतें. त्या टोंकाचा इतिहास ठाऊक नसल्यामुळें चांगलीं हत्यारें व दुरुस्त होण्याजोगीं यंत्रें फुकट जातात. म्हणून तो आज सांगावयाचा आहे.

यांतील मूळ तत्त्व आपणांस नवें नाहीं. कल्हईवाला भांडें तापवितो, त्यांत नवसागर फिरवितो व मग कथील लावतो. हवेमुळें धातूवर बसलेला थर नवसागरानें निघून जातो, आणि स्वच्छ झालेल्या धातूलाच कथील धरतें. विजेच्या कामांत नवसागराऐवजीं राळ वापरतात, कारण नवसागराचा अंश मागें राहिल्यास तो बारीक तारांना खातो. डाखासाठीं कथलांत शिसें मिसळीत. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसें असें मिश्रण १८३ अंश सेंटिग्रेडला एकदम वितळतें व एकदम गोठतें.

प्रारंभीं हत्यार म्हणजे निखाऱ्यावर तापविलेला तांब्याचा ठोकळा होता. जर्मनींत अर्न्स्ट झाक्स यानें १९२१ सालीं कारखान्यांकरितां विजेवर तापणारें सोल्डरिंग आयर्न पुढें आणलें, तरी टोंक तांब्याचेंच राहिलें. तांबें उष्णता झटकन वाहून नेतें खरें. परंतु वितळलेल्या कथलांत तें हळूहळू विरघळतें व टोंकाला खळगे पडतात. म्हणून कानशीनें टोंक घासावें, त्यास आकार द्यावा व पुन्हा कथील चढवावें, हा कारागिराचा नित्यक्रम असे. उष्णतामानावर ताबा नव्हता; पण तेव्हांच्या रेडिओंतील जाड तारांना थोडी अधिक उष्णता सोसत असे.

छापील सर्किट बोर्डानें हें सारें पालटलें. व्हिएन्नाहून इंग्लंडांत आलेल्या पॉल आइस्लर यानें तांब्याचा पातळ पत्रा विद्युत्-रोधक फळीवर चिकटविला, नको तो भाग रसायनानें काढून टाकला आणि तारांच्या जागीं तांब्याच्या रेघा ठेवल्या. या युक्तीच्या पेटंटासाठीं त्यानें १९४३ सालीं अर्ज केला. अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमधील डँको व एब्रॅमसन यांनीं १९४९ सालीं सुटे भाग बसविलेली फळी वितळलेल्या डाखांत बुडवून सारे सांधे एकदम देण्याची पद्धत सिद्ध केली. कारखान्यांतील हाताचें काम घटलें. परंतु दुरुस्ती हातींच राहिली, आणि ती अधिक नाजूक झाली. सामान्य फळीवरील तांबें सुमारें ०.०३५ मिलिमीटर जाड असतें. टोंक फाजील तापलें कीं तें फळीपासून सुटून वर येतें.

म्हणून उष्णतामान आवरणारें हत्यार अवश्य झालें. अमेरिकेंतील कार्ल वेलर यानें १९६० च्या सुमारास एक सुरेख योजना केली. टोंकाच्या मागें विशिष्ट मिश्रधातूचा तुकडा असतो. टोंक थंड असतां तो चुंबकाला ओढून घेतो व वीज चालू होते; ठराविक उष्णतामान गांठतांच त्याचें चुंबकत्व नाहींसें होतें, चुंबक सुटतो व वीज बंद पडते.

दुसरी सुधारणा टोंकाच्या पृष्ठभागांत झाली. तांब्यावर लोखंडाचा मुलामा चढविण्यांत येऊं लागला, कारण लोखंड कथलांत फार सावकाश विरघळतें. टोंकाचें आयुष्य वाढलें, पण निगेचा नियम उलटला. नव्या टोंकाला कानस लावली कीं मुलामा जातो, आंतलें तांबें उघडें पडतें व लवकरच टोंक पोखरलें जातें. जुन्या टोंकाला जी कानस तारक, तीच नव्याला मारक ठरली! वस्तु बदलली कीं तिची निगाहि बदलते, हें या इतिहासाचें सार होय.

१ जुलै २००६ पासून युरोपीय संघानें विजेच्या उपकरणांतील शिशावर निर्बंध घातले. कथील, चांदी व तांबें यांचा बिनशिशाचा डाख सुमारें २१७ अंशांला वितळूं लागतो. अधिक उष्णता व अधिक कथील यांमुळें लोखंडी मुलामाहि लवकर झिजतो. म्हणून निगेचें महत्त्व वाढलेंच आहे.

तेव्हां आयर्न घेतांना केवळ वॉटचा आंकडा पाहूं नये. उष्णतामान स्थिर ठेवणारें, भूमीशीं जोडलेलें व ज्याचीं टोंकें बाजारांत सहज मिळतात असें आयर्न घ्यावें. टोंक सांध्याच्या रुंदीला शोभेल असें, पाचरीच्या आकाराचें असावें. सुईसारख्या टोंकांतून उष्णता पुरेशी जात नाहीं. मग माणूस उष्णतामान वाढवितो आणि फळी बिघडवितो. काम करतांना टोंक ओलसर स्पंजावर किंवा पितळी तारांच्या चोथ्यावर पुसावें. मात्र काम संपल्यावर पुसून कोरडें न ठेवतां त्यावर ताजा डाख चढवून मगच वीज बंद करावी. राळेचा धूर श्वासांत घेऊं नये, व शिसें हाताळल्यावर हात धुवावेत.

कल्हई उडालेलें भांडें सुज्ञ गृहिणी वापरीत नाहीं. टोंकाविषयींहि तोच दंडक पाळावा: त्यावर कथील चकाकत आहे, तोंवरच सांध्यावर विश्वास ठेवावा.