१८१६ सालचा मका

उत्तर अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील न्यू इंग्लंड प्रांतात १८१६ हे वर्ष पुढे ‘उन्हाळ्यावाचूनचे वर्ष’ म्हणून ओळखले जाऊ लागले. त्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात तेथे बर्फ पडले. ही हकीकत इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, मक्याचे पीक त्या बर्फानेच बुडाले अशी समजूत रूढ व्हावी. परंतु मक्याचा स्वभाव ध्यानी घेता सारा दोष जूनच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

मका हे मुळात गवतच होय. मात्र गवतांतही स्वभावभेद असतो. गहू, जव आणि राय यांना थंडी मानवते. मका, ज्वारी, बाजरी व ऊस यांना ऊब हवी. महाराष्ट्रात बाजरी खरिपाची आणि गहू रब्बीचा, हा याच भेदाचा घरचा दाखला आहे. मक्याचे मूळ स्थान मेक्सिको. तेथून उत्तरेकडे सरकण्यास त्याला हजारो वर्षे लागली. लवकर पिकणारी कणसे बियाण्यास राखीत राखीत तेथील मूळ रहिवाशांनी आठ ओळींचा, टणक दाण्याचा, अल्प मुदतीचा मका सिद्ध केला. १५३५ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए आजच्या माँट्रिऑलच्या जागी पोहोचला, तेव्हा त्याला वस्तीभोवती मक्याची शेतेच दिसली. १६२१ मध्ये प्लिमथच्या इंग्रज वसाहतवाल्यांना या पिकाची लागवड शिकविली ती टिस्क्वांटम या स्थानिकाने. ओक वृक्षाची पाने खारीच्या कानाएवढी झाली की मका पेरावा, हा त्या प्रदेशातला जुना ठोकताळा. हाती उष्णतामापक नसताना जमिनीची ऊब ओळखण्याची याहून सुबक युक्ती सापडणे कठीण.

जमीन सुमारे १० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावाचून मक्याचे बी नीट रुजत नाही. त्याखाली रोपाची वाढ जवळजवळ थांबते, आणि ३० अंशांच्या आसपास ती सर्वांत जोमाने होते. याचे एक कारण १९६० नंतरच्या दशकात उलगडले. हॅच व स्लॅक या दोघा शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात उसावर प्रयोग करून, ही गवते हवेतील कर्बवायू एका निराळ्याच मार्गाने पकडतात असे दाखविले. प्रखर उन्हात हा मार्ग फार किफायतीचा. पण त्यातील काही विकर थंडीत मंदावतात आणि पान हिरवे दिसत असूनही उपाशी राहते.

आता १८१६ कडे वळू. जूनच्या हिमाने कोवळी पाने करपली, हे खरे. परंतु लहान वयात मक्याचा वाढता कोंब जमिनीखाली सुरक्षित असतो. म्हणून काही रोपे पुन्हा फुटली, आणि जेथे फुटली नाहीत तेथे शेतकऱ्यांनी दुबार पेरणी केली. खरा घात झाला तो संथपणे. जुलैतही दहिवर पडले, ऊब साचेना, पीक दिवसेंदिवस मागे पडत गेले. दाणा दुधात असतानाच ऑगस्टच्या उत्तरार्धातील कडक थंडीने त्याला गाठले, आणि जे उरले ते सप्टेंबरअखेरीस गेले. कणसे लागली होती, पण दाणा भरला नव्हता! शेजारच्याच शेतांतील गहू व राय मात्र पुष्कळ ठिकाणी हाती आली.

अपक्व दाणा बियाण्याच्याही कामाचा नसतो. त्यामुळे १८१७ च्या वसंतात, ज्यांच्याकडे १८१५ चा मका शिल्लक होता त्यांच्या दाराशी लोक खेपा घालू लागले. डुकरे व गुरे पोसण्यास दाणा नाही, म्हणून ती मिळेल त्या किमतीस विकावी लागली. व्हरमाँटमधून पश्चिमेकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागली. त्यांत नॉर्विच गावचे स्मिथ कुटुंबही होते. लागोपाठ तीन हंगाम बुडाल्यावर त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील पॅल्मायरा गाठले. त्यांचा मुलगा जोसेफ पुढे मॉर्मन पंथाचा संस्थापक झाला.

या लोकांपैकी कोणासही थंडीचे कारण ठाऊक नव्हते. सूर्यबिंबावरील डाग नुसत्या डोळ्यांनीही दिसत होते, म्हणून अनेकांनी त्यांनाच दोष दिला. वस्तुतः एप्रिल १८१५ मध्ये जावाच्या पूर्वेकडील सुंबावा बेटावर तांबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि त्याच्या गंधकयुक्त वायूंपासून बनलेल्या सूक्ष्म कणांचा पडदा आकाशात पसरून सूर्याची ऊब अडवीत होता. या दोन घटनांची सांगड अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम हम्फ्रीज यांनी १९१३ मध्ये घातली. तोवर तो मका पेरणारी पिढी केव्हाच काळाआड गेली होती.