तेलाने सोडवलेले गणित

दीक्षितपुऱ्यातील आमच्या घरी काकांची तीसेक वर्षांपूर्वीची एक आलिशान मोटार आहे. गेल्या हिवाळ्यात तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा चौथा गिअर पडेनासा झाला. पूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला मिळाला. त्याचा खर्च गाडीच्या किमतीहून अधिक होता. तेव्हा तो घरीच उघडायचे ठरले. पण हे यंत्र उघडण्यापूर्वी ते कसे घडत गेले, हे समजून घ्यावे लागते.

आरंभ मोटारीत नाही, जहाजात आहे. वाफेची टर्बाइन वेगाने फिरते, तर जहाजाचा पंखा संथ फिरला तरच कार्यक्षम ठरतो. या पेचावर जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ साली पेटंट घेतले: एकाच कवचात समोरासमोर पंप आणि टर्बाइन ठेवायचे व मधल्या द्रवाकरवी शक्ती पोहोचवायची. या दोघांत तिसरे, स्थिर चक्र बसवले की परतणाऱ्या द्रवाची दिशा वळते आणि टॉर्क वाढतो. हाच टॉर्क कन्व्हर्टर. टॉर्क वाढतो तो वेगाच्या मोबदल्यात. शिवाय काही ऊर्जा उष्णता होऊन तेलात उतरते, म्हणून ते तेल थंड करावे लागते.

१९३९ साली जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी ‘हायड्रा-मॅटिक’ आणला. त्यात द्रव-जोडणी आणि ग्रहमालिका गिअर होते. दुसऱ्या महायुद्धात तो एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यातही बसला. १९४८ साली ब्यूकच्या ‘डायनाफ्लो’ने टॉर्क कन्व्हर्टर प्रवासी मोटारीत आणला.

पण गिअर केव्हा बदलायचा, हे कोण ठरवणार? इलेक्ट्रॉनिक्सपूर्व काळात ते तेल ठरवत असे. चाकांबरोबर फिरणाऱ्या वजनांवरील अपकेंद्री बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गव्हर्नर नावाचा भाग त्या बलाशी समतोल साधणारा दाब तेलात निर्माण करतो. एका सरकत्या व्हॉल्व्हच्या एका टोकावर हा दाब, तर दुसऱ्यावर ॲक्सिलरेटरशी जोडलेला दाब आणि स्प्रिंग. पहिल्याने दुसऱ्यावर मात केली की व्हॉल्व्ह सरकतो, तेलाला नवी वाट मिळते, क्लच आवळला जातो आणि वरचा गिअर पडतो. चढावर पाय जोरात दाबला की गिअर उशिरा बदलतो, तो याच कारणाने. हा तेलावर चालणारा ॲनालॉग संगणकच होय.

जबलपूरला गिअर परके नाहीत. येथे १९०४ पासून तोफगाडा कारखाना आहे, १९६९ पासून वाहन कारखाना. तेथील शक्तिमान ट्रक आणि नावातच जबलपूर बाळगणारी जोंगा हातानेच गिअर बदलणाऱ्या. १९९५ साली पुण्यात टेल्कोच्या आवारात मर्सिडीज-बेंझची ई-क्लास जुळू लागली, तेव्हा आलिशान मोटार इथल्या कामगारांच्या हातची झाली. पण पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, त्याच कंपनीचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा पाच गिअरांचा नवा गिअरबॉक्स आला. तेलाकडचा निर्णय संगणकाकडे गेला.

आमची गाडी आधीच्या पिढीतली. दाबमापक लावून पाहिले: गव्हर्नरचा दाब वेगाबरोबर नीट वाढत होता. म्हणजे आज्ञा निघत होती. तिला दाद मिळत नव्हती. गाडी भक्कम घोड्यांवर टेकवून (नुसत्या जॅकवर कधीही नाही) तेल काढले. ते काळवंडलेले होते, आम्हीच वर्षानुवर्षे बदलले नव्हते. तळाच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप होता, धातूचे तुकडे नव्हते. म्हणजे क्लच बहुधा शाबूत. व्हॉल्व्हचा संच उतरवला, प्रत्येक पोलादी गोळीची जागा कागदावर टिपली. एक व्हॉल्व्ह चिकट थराने अडकला होता. चिंध्या वर्ज्य, कारण एक धागाही व्हॉल्व्ह अडवू शकतो. धुतल्यावर तो स्वतःच्या वजनाने घसरू लागला. नवे तेल, नवी गाळणी, ठरल्या टॉर्कने आवळलेले बोल्ट. आणि चौथा गिअर पडला.

क्लच झिजले असते तर हे घरी जमले नसते. तरी दोष यंत्राच्या कोणत्या भागात आहे, हे ठरवण्याचा अधिकार आमच्याकडे राहिला. नव्या यंत्रांत तो अधिकार निदानाच्या सॉफ्टवेअरकडे जातो. अचूकता वाढली, यात शंका नाही. पण दुरुस्ती म्हणजे जुने तर्कशास्त्र पुन्हा वाचणे असेल, तर ते वाचता यावे यासाठी नव्या यंत्रांचे तर्कही वापरणाऱ्याला खुले असले पाहिजेत.