फाझानेनस्ट्रासेचे ज्यू समाजगृह : भग्न प्रवेशद्वारामागची नवी वास्तू

बर्लिनच्या पश्चिम भागात, कुरफ्युर्स्टेनडाम या प्रसिद्ध हमरस्त्याला मिळणाऱ्या फाझानेनस्ट्रासेवर ज्यू समाजाचे समाजगृह आहे. १९५९ साली खुल्या झालेल्या या आधुनिक, साध्या इमारतीच्या दर्शनी भागी एक जुने, कोरीव दगडी प्रवेशद्वार उभे आहे. ते याच जागेवरील नष्ट झालेल्या सिनेगॉगचे आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजामुळे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, मराठी वाचकास अपरिचित नाही. बर्लिनच्या या वास्तूचे वैशिष्ट्य असे की, तिने मूळ मंदिराची प्रतिकृती होण्याचे टाळले.

मूळ सिनेगॉग वास्तुशिल्पी एरेनफ्रीड हेसेल यांनी रचले आणि ते २६ ऑगस्ट १९१२ रोजी खुले झाले. शार्लोटेनबुर्ग हे त्या वेळी बर्लिनबाहेरचे स्वतंत्र, सधन नगर होते. रोमनेस्क आणि बायझंटाइन शैलींचा मेळ असलेल्या या मंदिरावर तीन घुमट होते आणि आत सुमारे १,७०० उपासकांची सोय होती. उपासना उदारमतवादी पद्धतीची असे व तिला ऑर्गनची साथ असे. विख्यात धर्मगुरू लेओ बेक यांची प्रवचने येथे होत. पूर्वी ज्यूंची प्रार्थनास्थळे बहुधा मागील अंगणात, रस्त्यावरून न दिसतील अशी बांधली जात. हे मंदिर मात्र रस्त्याकडे तोंड करून उभे होते. आपण या देशाचे समान नागरिक आहोत, हा विश्वास त्यातून व्यक्त होत होता.

तो विश्वास पाव शतकही टिकला नाही. १९३६ साली नाझी राजवटीने मंदिर बंद करण्यास भाग पाडले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची मंदिरे व दुकाने उद्ध्वस्त करण्यात आली, त्या वेळी तेही जाळण्यात आले. पुढे युद्धकाळातील बॉम्बवर्षावाने उरलेसुरले ढासळले. १९३३ साली बर्लिनमध्ये सुमारे १,६०,००० ज्यू राहत होते. युद्ध संपले तेव्हा त्यांपैकी जेमतेम काही हजार शहरात उरले होते.

या मूठभर लोकांपुढील पहिला प्रश्न बांधकामाचा नव्हता, तर येथे राहायचे की नाही हा होता. अनेकांनी देश सोडला. राहिलेल्यांविषयी, ते सामान बांधून ठेवूनच जगतात, असे म्हटले जाई. अशा वेळी शहराच्या मध्यवस्तीत कायमस्वरूपी वास्तू उभारणे हा एक निर्णयच होता. आउशवित्झच्या छळछावणीतून वाचलेले समाजाचे अध्यक्ष हाइन्झ गालिन्स्की यांनी त्या निर्णयाचा पाठपुरावा केला. जुने अवशेष उतरवण्यात आले आणि १० नोव्हेंबर १९५७ रोजी नव्या इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. २७ सप्टेंबर १९५९ रोजी समाजगृहाचे उद्घाटन झाले.

वास्तुशिल्पी डीटर क्नोब्लाउख आणि हाइन्झ हाइझे यांनी सरळ रेषांची, सपाट छपराची, अलंकरणविरहित इमारत रचली. तिचे केंद्र म्हणजे मोठे सभागृह. एरवी सभा, व्याख्याने व मैफली आणि मोठ्या सणांच्या दिवशी सामूहिक प्रार्थना, असा त्याचा दुहेरी वापर योजलेला होता. समाजाची संख्या इतकी घटली होती की, १९१२ सालाएवढे मंदिर रिकामेच राहिले असते. उलट ग्रंथालय, शिक्षण आणि भेटीगाठींसाठी जागेची निकड होती. सभागृहाच्या छतावरील तीन छोटे घुमट जुन्या तीन घुमटांचे स्मरण देतात. जुने प्रवेशद्वार मात्र जसे सापडले तसेच जपले आहे. आत येणारा प्रत्येक जण आधी त्या भग्न कमानीशी येतो आणि मगच नव्या दाराशी पोहोचतो. अंगणातील स्मारकावर छळछावण्यांची नावे कोरलेली आहेत.

संकटे तरीही संपली नाहीत. ९ नोव्हेंबर १९६९ रोजी, १९३८ च्या त्या रात्रीच्या स्मृतिसभेच्या वेळी, एका अतिडाव्या गटाने येथे बॉम्ब ठेवला. तो फुटला नाही, म्हणून सभेस जमलेले लोक बचावले. आजही जर्मनीतील ज्यू संस्थांबाहेर पोलिसांचा पहारा असतो.

१९६२ साली येथे ज्यू लोकविद्यापीठ सुरू झाले आणि त्याचे वर्ग सर्वधर्मीयांसाठी खुले राहिले. बर्लिनच्या फाळणीमुळे दुभंगलेला ज्यू समाज १९९१ साली पुन्हा एकत्र आला. त्याच सुमारास पूर्वीच्या सोव्हिएत संघातून आलेल्या ज्यूंमुळे त्याची संख्या वाढली. येथे राहायचे की नाही, या प्रश्नाचे उत्तर १९५९ सालच्या मूठभर लोकांनी आपल्यापुरते दिले होते. नव्याने येणाऱ्यांना त्यामुळे बर्लिनमध्ये एक तयार घर मिळाले.