पॅनेलपासून पडद्यापर्यंत: घोडबंदर रोडचे नियंत्रण कक्ष

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाण्यातील घोडबंदर रोड आणि त्याला लागून असलेल्या कोलशेत-बाळकुम पट्ट्यात सँडोझ, बायर, कलर-केम यांसारखे रसायनांचे मोठे कारखाने चालत होते. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी) पहिली वसाहत, वागळे इस्टेट, तिथून फार लांब नाही. कारखान्यांना लागणारी पॅनेले आणि वायरिंगची कामे करणारे गाळे अशाच वसाहतींत वाढले.

त्या काळचा नियंत्रण कक्ष म्हणजे पत्र्याचे लांबलचक पॅनेल. त्यावर ३ ते १५ पीएसआय हवेच्या दाबावर चालणारे कंट्रोलर, कागदावर आलेख काढणारे रेकॉर्डर आणि सर्वांत वर अलार्मच्या खिडक्या. एक व्हॉल्व्ह वाढला की पत्रा कापणे आणि नळी टाकणे आलेच. १९६९ च्या सुमारास अमेरिकेत मोडिकॉनचा पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा नियंत्रक, आला. १९७५ मध्ये हनीवेल आणि योकोगावा यांनी डीसीएस, म्हणजे विभागलेली संगणकीय नियंत्रण प्रणाली, आणली, पण तिची किंमत मोठ्या कारखान्यांनाच झेपणारी होती. छोट्या कंत्राटदाराच्या हाती स्काडा, म्हणजे पॅनेलची जागा घेणारे पडद्यावरचे सॉफ्टवेअर, आले ते विंडोजमुळे. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या वंडरवेअरचे इनटच त्यात अग्रेसर होते. सीमेन्सचे विनसीसी १९९६ मध्ये आले. सीमेन्सचा कारखाना तर खाडीपलीकडे कळव्यातच आहे.

खर्चाची खरी गोष्ट इथून सुरू होते. ही सॉफ्टवेअर टॅगांच्या, म्हणजे पडद्याशी जोडलेल्या एकेका सिग्नलच्या, संख्येवर विकली जात. एका व्हॉल्व्हला उघडण्याची आज्ञा, बंद करण्याची आज्ञा, दोन्ही टोकांचे लिमिट स्विच, ऑटो-मॅन्युअल आणि फॉल्ट असे सहा टॅग सहज लागतात. पन्नास व्हॉल्व्हचे तीनशे होतात आणि २५६ टॅगांचे लायसन्स अपुरे पडून वरचा टप्पा घ्यावा लागतो. डेव्हलपमेंट आणि रनटाइमचे पैसे वेगळे, शिवाय प्रिंटर पोर्टला लावायचे लायसन्सचे डोंगल सांभाळायचे. म्हणून कसबी इंजिनियर अनेक बिट पीएलसीच्या एकाच ‘वर्ड’मध्ये बांधून टॅग वाचवत. लायसन्स स्वस्तात पडे, पण दोष शोधताना तास जात, आणि ते तास कोटेशनमध्ये कुठेच दिसत नसत.

सॉफ्टवेअर आणि उपकरणे जोडणाऱ्या १९९६ च्या ओपीसी मानकाने प्रत्येक पीएलसीसाठी वेगळा ड्रायव्हर शोधण्याची कटकट बरीच कमी केली. २००३ च्या सुमारास वंडरवेअरने टेम्प्लेटची पद्धत आणली: व्हॉल्व्ह एकदाच नीट बनवायचा आणि पन्नास वेळा वापरायचा. काम भराभर उरकण्याच्या दृष्टीने ही सर्वांत मोठी झेप म्हणावी लागेल. २०१० मध्ये आलेल्या इग्निशन या स्काडा सॉफ्टवेअरने सर्व्हरमागे एकच किंमत लावली. टॅग आणि पाहणारे संगणक कितीही असोत.

दरम्यान कारखाने हलले. सँडोझमधून १९९५ साली वेगळ्या झालेल्या क्लॅरियंटच्या कोलशेतमधील जागेवर आज लोढा समूहाचे गृहसंकुल आहे. अशा संकुलांत पाण्याचे पंप आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रे चालवायलाही पीएलसी आणि पडदा लागतोच.

मग यांतले घ्यायचे कोणते? एकट्या यंत्राला साधे एचएमआय, म्हणजे यंत्रावरच्या छोट्या पडद्याचे, पॅनेल पुरते. एकसारखी उपकरणे शेकड्यांनी असतील तर टेम्प्लेटवाले महाग सॉफ्टवेअरच शेवटी स्वस्त पडते, आणि पाहणारे अनेक असतील तर सर्व्हरमागे किंमत लावणारे परवडते. मात्र मूळ प्रोजेक्ट फाइल, टॅगांची यादी आणि पासवर्ड ताब्यात देण्याची अट ऑर्डरमध्ये नसेल, तर यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर पहिल्याच बदलाला महाग पडते.