चोक (शॉटगन)

शॉटगनच्या नळीच्या तोंडाशी ठेवलेला, छर्‍यांचा फैलाव आवरणारा किंचित अरुंद भाग. इंग्लंडमध्ये विल्यम रोचेस्टर पेप यांनी १८६६ मध्ये त्याचे पेटंट घेतले. १८७४ नंतर डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्यामुळे तो रूढ झाला.

१२ बोअरच्या नळीचा आतील व्यास सु. १८.५ मिमी. असतो. तोंडाशी तो सु. ०.२५ मिमी.ने घटविल्यास ‘इंप्रूव्हड सिलिंडर’, ०.५ मिमी.ने ‘मॉडिफाइड’ आणि १ मिमी.च्या आसपास ‘फुल’ चोक होतो. ४० यार्डांवरील ३० इंची वर्तुळात त्यांतून अनुक्रमे सु. ५०, ६० व ७० टक्के छर्रे पडतात. हे आकडे नाममात्र होत. काडतूस बदलताच तीच नळी वेगळा फैलाव देते, त्यामुळे कागदी लक्ष्यावर बार काढून पाहणे हाच खरा निकष. आटे पाडून बसविण्याच्या सुट्या चोकच्या कडेवर बहुधा खाचा असतात : एक खाच फुल, चार खाचा इंप्रूव्हड सिलिंडर.

निवड अंतरावर ठरते. झुडपातून जवळच उठणाऱ्या लाव्यांसाठी सैल, उंचावरून जाणाऱ्या बदकांसाठी घट्ट चोक वापरतात. पोलादी छर्रे शिशासारखे दबत नाहीत. त्यांना सैल चोक लागतो, अन्यथा नळीस इजा संभवते. स्कीट या तबकडी-नेमबाजीच्या प्रकारात तबकडी सु. २० मी.वर फुटते, म्हणून नळी जवळजवळ मोकळी ठेवतात. ट्रॅप या प्रकारात तबकडी दूर पळते व दुसरा बार अधिक घट्ट चोकमधून काढतात (पहा : नेमबाजी). भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये पक्ष्यांच्या शिकारीवर बंदी असल्याने चोकचा प्रश्न येथे मुख्यतः तबकडी-नेमबाजीपुरता उरतो (पहा : बंदूक, शिकार).