मोड, कोंब की अंकुर?

आज एका इंग्रजी क्रियापदाची गोष्ट: स्प्राउट. आणि त्यासाठी जायचंय वाईला.

स्प्राउटला मराठीत काय म्हणायचं? मुगाला मोड येतात. पेरलेलं बी रुजतं, मग पीक उगवतं. कांद्याला कोंब फुटतो, झाडाला पालवी फुटते, उसाच्या कांडीवरचा डोळा फुटतो. पोरांना मिसरूड फुटतं, आणि फार शहाणपणा केला तर शिंगंसुद्धा!

फ्रेंचमध्येही एका शब्दावर भागत नाही. बी असेल तर 'जेर्मे', रोप किंवा दाढी वाढत असेल तर 'पूसे', झाडाला कळ्या-अंकुर धरत असतील तर 'बूर्जोने'. गंमत म्हणजे 'पूसे'चा मूळ अर्थ ढकलणं. आपलं 'फुटणं' म्हणजे तडकून बाहेर येणं. घटना एकच, पण फ्रेंचांनी आतला जोर टिपला आणि आपण तडकलेली साल.

आता इतिहास बघू. मोलस्वर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला. तिथे मोड, कोंब, अंकुर प्रत्येकाला आपापली जागा होती. मोलस्वर्थने सुरू केलेला आणि कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७चा. अशा उलट्या कोशात एका इंग्रजी शब्दापुढे चार मराठी शब्द ठेवता येतात, निवड वाचकाची.

विश्वकोशाला ही सोय नव्हती. शेकडो लेखक लिहिणार, तर एका कल्पनेला एकच शब्द हवा. म्हणून वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली आधी परिभाषा ठरली. पहिला खंड १९७६चा, पण परिभाषेचा अठरावा खंड त्याच्याही आधी, १९७३ सालीच छापून झाला होता!

विज्ञानाच्या मराठीला 'अंकुरण'सारखा नेमका शब्द लागतोच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रयोगवहीत 'मोड आले' लिहून चालणार नाही. पण 'अंकुरण' बोलताना कुणी वापरत नाही, आणि मोबाइलवर भाषांतर करताना बहुतेकदा तसलाच शब्द समोर येतो. तोच एक वापरत राहिलो, तर बी रुजणं आणि रोप उगवणं यांतला फरक आपल्या बोलण्यातून जाईल. पेरणीनंतर रोज रान बघणाऱ्याला तो फरक लागतोच: बी रुजलं पण उगवलं नाही, तर दुबार पेरणी.

तुमच्या गावात छाटलेल्या झाडाच्या नव्या फुटीला काय म्हणतात? घरच्या मोठ्यांना विचारा आणि मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!